बंदुकीचं काय ठरलं ते कळवतो

ति. बाबा आणि आई,
सा. न.

पत्र बघून दचकू नका, मी, सायली आणि निहार तिघंही मजेत आहोत. फोनवर तुम्ही स्पीकर लावता, मग अर्धी वाडी मध्ये बोलते आणि माझं म्हणणं राहूनच जातं. म्हणून सविस्तर लिहितोय.

मागच्या गल्लीत गुजराती कुटुंबाकडे चोरी झाली, हे सायलीने तुम्हाला सांगायला नको होतं. आता सांगितलंच आहे तर नीट ऐका. घरात तेव्हा कोणी नव्हतं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भारतीयांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक झालंय. ते पाळत ठेवतात आणि घर रिकामं झालं की शिरतात. आई, तुझ्या पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. त्यांची काळजी करू नकोस.

बाबा, तुम्ही म्हणालात, तिकडे मिळते तर एक बंदूक घेऊन ठेव, आपल्या घरात होतीच की. ऑफिसातही सगळे हेच म्हणतात. टेक्सासमध्ये सप्टेंबर 2021 पासून, गुन्ह्याबिन्ह्याची नोंद नसली आणि वय एकवीस किंवा त्याहून जास्त असलं, तर पिस्तूल कमरेला लावून हिंडायला परवाना लागत नाही. माझ्यासारख्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीपुरत्या व्हिसावाल्याला एरवी बंदूक घेता येत नाही, पण शिकारीचा परवाना काढला की येते. आणि तो परवाना वॉलमार्टात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात मिळतो! कोंबडी कापताना मागच्या दाराने पळणारा मी कागदोपत्री हरणं मारणार.

पण आजोबांच्या बंदुकीशी हिची बरोबरी करू नका. ती ठासणीची. खुंटीला टांगलेली, दारू एका डब्यात, छर्रे भलतीकडेच. गज घालून बार ठासेपर्यंत रानडुक्कर भात खाऊन ओहोळापलीकडे गेलेलं असायचं. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा. आम्ही पोरांनी हात लावला तरी काही होण्यासारखं नव्हतं. (तरीही पलीकडच्या वाडीतला तो माणूस डुक्कर समजून मारला गेला, हे तुम्हीच सांगितलं होतंत.) इथलं पिस्तूल भरलेलं असतं आणि चाप ओढण्याएवढं बळ निहारच्या बोटात आहे.

माझं सगळं इथेच अडतं. पोराच्या दृष्टीने बघायचं तर पिस्तूल रिकामं, कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात. इथले मुलांचे डॉक्टर तर म्हणतात मुळात घरात नसलेलीच बरी. आणि रात्री दोनला दार फुटलं तर उपयोगी पडायला ते भरलेलं, उशाशी हवं. दोन्ही एकदम कसं जमायचं? माझा सहकारी म्हणतो, बोटाच्या ठशाने उघडणारी छोटी तिजोरी घे, क्षणात उघडते. त्याचं अगदीच खोटं नाही. पण माळ्यावर लपवलेले चकलीचे डबे आमचा मुलगा शोधून काढतो, माझ्या फोनचा आकडा त्याला पाठ आहे. शिवाय चोर येतात ते आम्ही नसताना. तेव्हा घरातलं पिस्तूल म्हणजे चोरायला आणखी एक वस्तू.

तो सहकारी आकडेही दाखवतो. 2021 साली अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यात अपघाताने फक्त 549. एवढ्या मोठ्या देशात थोडेच, हे मान्य. पण त्याच यादीत 26,328 आत्महत्या आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. ते तो वाचत नाही. मागच्या वर्षी कंपनीत कपात चालली होती, तेव्हा मी तुम्हाला कळवलं नव्हतं. नोकरी आहे, काही झालं नाही. पण त्या दिवसांत रात्र रात्र डोळा लागत नसे, आणि तेव्हा घरात असलं काही नव्हतं ते बरंच. आई, तू भलतंसलतं डोक्यात घेऊ नकोस, झोप लागत नव्हती एवढंच.

इथली एक तऱ्हा तर तुम्हाला पटणारच नाही. मूल मित्राकडे खेळायला जायचं असलं की आधी त्याच्या आईला विचारायचं, तुमच्याकडे बंदूक आहे का आणि कुलपात असते का. सायलीला पहिल्यांदा हे विचारवेना. कुणाच्या घरी पोर पाठवताना असली चौकशी! शेवटी घाम पुसत विचारलं. ती बाई अगदी गोड आवाजात म्हणाली, "विचारलंत ते छान केलंत. कुत्रा आहे, चावत नाही. मागे पोहण्याचा तलाव आहे, त्याला कुंपण आहे. आणि बंदुका माझ्या नवऱ्याच्या, त्या तिजोरीत असतात. निहारला शेंगदाणे चालतात ना?" हे सगळं एका दमात. कुणाला राग नाही, लाज नाही. उलट न विचारणारे आईबाप इथे बेफिकीर ठरतात. आता सायली बिनदिक्कत विचारते. दोन ठिकाणी उत्तर अडखळत आलं, तिथल्या मुलांना आम्हीच आपल्याकडे बोलावतो, त्यामुळे शनिवारी पोह्यांचं पातेलं मोठं लागतं.

शाळेचं विचारू नका. शाळा चांगली आहे. कुणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं म्हणून दिवे मालवून कोपऱ्यात गप्प बसायचा सराव घेतात, निहारला तो लपंडाव वाटतो.

तर बंदूक घेत नाही. बाबा, तुम्हाला हे बायकी वाटेल, वाटू द्या. दाराला कॅमेरा आणि भोंगा बसवलाय. पिस्तूल-तिजोरीला गेले असते ते पैसे पडवीच्या कौलांसाठी पाठवतो. कमी पडतील, उरलेले दिवाळीनंतर.

चतुर्थीला यंदाही जमत नाही. आत्ता बाहेर पडलो आणि व्हिसाच्या शिक्क्याची तारीख मिळाली नाही तर तिकडेच अडकेन. आरतीला व्हिडिओ लावा, निहारला "घालीन लोटांगण" येतं. प्राजूच्या पुण्याच्या स्थळाला माझ्यासाठी थांबवू नका. मुलगा तिला आवडला असेल तर साखरपुडा उरकून घ्या, हॉलचे पैसे मी देतो. आणि बँकेत जाऊन खात्याचं केवायसी करून घ्या, मागच्या वेळचे पैसे परत आले होते.

आपला,
संजू