डुकाट घेण्याआधी त्याची कड बघ

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायचं म्हणतोस त्या डुकाटचे, म्हणजे जुन्या डच सोन्याच्या नाण्याचे, फोटो बघितले, नाणं छानच दिसतंय, पण मला कडेचा फोटो हवाय रे. जुन्या डच सोन्यात फसवाफसवी होते ती तिथेच. डुकाट पातळ, जेमतेम साडेतीन ग्रॅमचा, सोनं साडेतेवीस कॅरेटच्याही वरचं, म्हणजे मऊ, आणि लोकांनी बिनधास्त कड्या लावून गळ्यात घातलेत. आपल्याकडे व्हेनिसच्या नाण्यांच्या पुतळ्यांच्या माळा झाल्याच की. मग कधीतरी कडी काढतात, डाख घासतात, पॉलिश मारतात आणि विकणारा म्हणतो एकदम टॉप कंडिशन. सोनाराची मुलगी आहे मी, मला नको सांगू. कड एका जागी गुळगुळीत किंवा वेगळ्या रंगाची दिसली की सोडून दे.

आणि विकणाऱ्याच्या त्या 'रेअर'वर जाऊ नकोस. 1586 पासून डच लोक डुकाट पाडतायत, तोच चिलखतातला सरदार, एका हातात तलवार आणि दुसऱ्यात बाणांची जुडी, त्यांच्या सात प्रांतांचे सात बाण, आणि त्यांची टांकसाळ आजही पाडते. रशियाने तर 1735 पासून सेंट पीटर्सबर्गमध्ये गुपचूप नकला पाडल्या, त्याही चोख सोन्यात, काय म्हणावं! नुसतं जुनं म्हणून पैसे मोजायचे नाहीत, प्रांत आणि साल दोन्ही बघायचं. सरदाराभोवतीच्या अक्षरांत शेवटी टी-आर-ए असेल तर युट्रेक्ट, एच-ओ-एल असेल तर हॉलंड, आणि या दोघांचे ढिगाने मिळतात. पहिला तसलाच घे.

घोडेस्वाराचं चित्र असलेला चौदा गिल्डरचा (गिल्डर म्हणजे जुनं डच चलन) मोठा तुकडा, दहा ग्रॅमच्या आसपासचा, तो मलाही आवडतो पण आत्ता नको, आधी घराचं डिपॉझिट भर.

जमलं तर बुडालेल्या जहाजातला शोध. व्हीओसीचं, म्हणजे डच ईस्ट इंडिया कंपनीचं, आकेरेंडाम जहाज 1725 मध्ये नॉर्वेजवळ बुडालं आणि 1972 मध्ये पाणबुड्यांना सापडलं, सोन्याला खारं पाणी काही करत नाही आणि ही नाणी बाजारात फिरलेलीच नाहीत, फक्त कागदपत्रं नीट बघून घे. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, त्या पडक्या भिंतींत आम्ही लहानपणी लपाछपी खेळायचो, म्हणून मला त्यातलाच हवाय, बाकी काही नाही.

घेतलास की तिथेच लॉकरमध्ये ठेव. शंभर वर्षांवरचं नाणं इकडे आणलं की पुरातन वस्तूंच्या 1972 च्या कायद्याने परत बाहेर न्यायला परवानगी लागते. तुझे बाबा म्हणतात पिशवीत टाकून आण, त्यांचं ऐकू नकोस.

कडेचा फोटो आणि वजन आजच पाठव, वजन दोन दशांशांपर्यंत.

तुझी आई