सिंहगडाहून रायगडाला निघण्याआधी आई-बाबांना पत्र

कोथरूड, पुणे
नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की अर्धं राहून जातं, आणि आईचा आवाज बदलला की मला पुढचं सुचत नाही. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. बाबा, सावकाश वाचा. यातलं एक काम तुमच्यासाठी आहे आणि ते दुसऱ्या कुणाला द्यायची माझी इच्छा नाही.

डिसेंबरच्या मध्यात आम्ही चौघं सिंहगडावरून निघून राजगड, तोरणा करत रायगडापर्यंत चालत जाणार आहोत. पाठीवर सॅक, पाच दिवस, चार मुक्काम. मध्ये गाडी घ्यायची नाही. चौघांतल्या एकाने ही वाट पूर्वी केलेली आहे, आणि घाटमाथ्यावरच्या मोहरी गावापासून पुढे तिथलाच वाटाड्या सोबत घेणार आहोत. राजगड ही स्वराज्याची पंचवीसेक वर्षं राजधानी होती, मग रायगड झाला आणि तिथे १६७४ साली राज्याभिषेक झाला. दोन्ही गड मी पाहिलेत, पायथ्यापर्यंत गाडीने जाऊन. पण या दोन राजधान्यांच्या मधला मुलूख, तो घाटमाथा, ती कोकणात कोसळणारी नाळ, म्हणजे उभी अरुंद घळ, हे सगळं पायाखालून घालायचं माझ्या मनात फार वर्षांपासून आहे. आई, ‘या वयात हे कशाला’ असं तू विचारलंस. मला खरंच जायचंय, एवढंच त्याचं उत्तर आहे. आणि वय चव्वेचाळीस आहे म्हणूनच गणपती झाल्यापासून तयारीला लागले. घरी मुलाचं आणि डब्यांचं ह्यांनी अंगावर घेतलंय, त्याची काळजी सोड.

बाबा, तुम्ही पहिल्यांदा गुडघ्यांचं विचारलंत. ते अगदी बरोबर विचारलंत. चढताना दम लागतो, थांबलं की जातो. उतरताना दम लागत नाही म्हणून माणूस बेफिकीर होतो, आणि गुडघे तिथेच जातात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी त्याला सगळं वजन झेलायचं असतं. सवय नसेल तर त्या दिवशी काही जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना पाय लटपटायला लागतात. एका दिवसाच्या ट्रेकला ते निभावतं, घरी येऊन शेक घेता येतो. आम्हाला मात्र सिंहगड उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी राजगड आणि तोरणा दोन्ही करायचेत, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा सॅक पाठीवर. त्यामुळे माझी निम्मी तयारी चढायची आहे आणि निम्मी उतरायची.

रोज पहाटे एआरएआय संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडी चढते. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. टेकडीवर येणारे बरेच जण असं करतात की भरलेल्या बाटल्या घेऊन चढायचं, वर गेल्यावर पाणी झाडांना घालायचं आणि मोकळ्या सॅकने उतरायचं. गुडघे वाचतात, झाडांनाही पाणी मिळतं. सुरुवातीला मीही तेच केलं, चार किलोपासून. दसऱ्यानंतर निम्मं पाणी पाठीवर ठेवून उतरायला लागले, आता सगळं घेऊन उतरते. वजन आठवड्याला किलोभरच वाढवते, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात पुन्हा कमी करते. स्नायू लवकर तयार होतात, पण त्यांना हाडाशी धरून ठेवणाऱ्या शिरांना जास्त वेळ लागतो. उत्साहाने एकदम बोजा वाढवणाऱ्यांची टाच किंवा गुडघ्याखालची शीर धरते ती यामुळेच. संध्याकाळी सोसायटीच्या जिन्यावर एक व्यायाम असतो: एका पायावर उभं राहून दुसरा पाय खालच्या पायरीला टेकेपर्यंत मनात चार आकडे मोजायचे. दिसायला काहीच नाही, पण दहा वेळा केलं की मांडी पेटते.

रविवारी आतकरवाडीतून सिंहगड. पायथ्यापासून वर सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे. बाबा, आता तुमच्या आवडीचा हिशोब. १८९२ मध्ये नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरातल्या वेळेचा एक साधा आडाखा सांगून ठेवलाय: अंतराला ताशी पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. सिंहगडाला तो दीड तासाच्या आसपास येतो. पाठीवर काही नसलं तर मला तेवढाच वेळ लागतो, सॅक असली की सव्वादोन. म्हणून आम्ही प्रत्येक टप्प्याला नेस्मिथची दीडपट धरली, त्यात जेवायचा, पाणी भरायचा आणि वाट चुकायचा वेळ मिळवला, आणि अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामाला पोचतो का ते तपासलं. डिसेंबरात सहाला दिवस मावळतो. राजगड-तोरण्याचा दिवस या हिशोबात बसत नव्हता, म्हणून त्या दिवशी पहाटे चारला निघायचं ठरलं. शिवाय राजगडाची संजीवनी माची ठरलेल्या वेळेत सोडली नाही, तर मधल्या खिंडीतून खाली गावात उतरायचं आणि तोरणा सोडून द्यायचा. हे घरी बसून, डोकं शांत असताना ठरवलंय. तिथे उभं राहून ठरवायची वेळ येऊ द्यायची नाही.

आई, वारीत तुझी पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये असायची. इथे सगळं पाठीवर, त्यामुळे ग्रॅमग्रॅमाचा हिशोब चाललाय. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर सॅक जाऊ द्यायची नाही, म्हणजे माझी अकरा किलोपर्यंत, आणि त्यातच तीन लिटर पाणी आलं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून वहीत लिहिते. जाड टॉवेल गेला, पंचा आला. साबणाची वडी निम्मी कापली. सॅक भरायचीही रीत असते. स्लीपिंग बॅग तळाला. शिधा, पाणी असं जड सामान मधोमध, पाठीला चिकटून, म्हणजे तोल मागे जात नाही. कमरेचा पट्टा हाडावर नीट बसला की बहुतेक वजन कंबर घेते आणि खांद्यांना फक्त सॅक सरळ धरायची राहते. पट्टा दोन बोटं खाली सरकला तरी तासाभरात खांदे भरून येतात.

बूट संध्याकाळी घेतले, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि अर्धा नंबर मोठे घेतले, म्हणजे उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. ते आता पूर्ण पायाचे झालेत. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो, म्हणून लोकरीचे घेतलेत. वारीतून आलीस की तू तळव्याचे फोड दाखवायचीस ते मला आठवतं. फोड यायच्या आधी ती जागा गरम लागते. तेव्हाच थांबून चिकटपट्टी लावायची, पुढच्या टेकाडापर्यंत रेटायचं नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आले. बीपी व्यवस्थित आहे, हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं.

मुक्काम गडावर नाहीत, गावात आहेत. पहिला गुंजवण्याला, दुसरा वेल्ह्याला, तिसरा मोहरीला, चौथा सिंगापूरची नाळ उतरून कोकणात दापोलीला. ही दापोली रत्नागिरीकडची नव्हे, नाळेच्या पायथ्याचं लहानसं गाव आहे. पाचव्या दिवशी रायगड. डिसेंबर निवडला तोही पाण्यासाठी. पावसाळ्यात नाळेत उतरणं जिवावरचं, होळीनंतर ओढे आटलेले, आणि ऑक्टोबरच्या उन्हात उघड्या डोंगरसोंडेवर सॅक घेऊन चालवत नाही. ओढ्याचं पाणी उकळून घेऊ. ते जमलं नाही तर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबू.

आई, तुझी सापांची भीती मी उडवून लावत नाही. नाळेतल्या दगडांत फुरसं असतं आणि ते मातीच्या रंगात दिसून येत नाही. म्हणून खबदाडीत हात घालायचा नाही, बसायच्या आधी दगड काठीने ठोकायचा, अंधारात टॉर्चशिवाय पाऊल टाकायचं नाही. इतकं करूनही चावलंच, तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही. पाय हलणार नाही असा फळीला धरून ठेवायचा आणि माणसाला उचलून सरकारी दवाखान्यात न्यायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविषाचं इंजेक्शन चालतं. कड्यांवर आग्यामोहोळं असतात, तिथे धूर आणि अत्तर दोन्ही वर्ज्य. हे आम्ही चौघांनी एकमेकांकडून पाठ करून घेतलंय.

खाण्याचं मात्र तुझ्यावर सोपवतेय. दुधात भिजवलेल्या दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या. शेंगदाण्याची चटणी, कोरडी. मेतकूट, कारण मोहरीला पोचल्यावर मऊ भातावर तेवढंच हवं असतं. गूळ-शेंगदाणे मी इथे घेते. लाडू नको म्हटलं तरी तू देशील, तर डिंकाचे दे आणि लहान वळ. माणशी दिवसाला सहाशे ग्रॅम सुका शिधा धरलाय, म्हणून थोडंच पाठव.

आता बाबा, तुमचं काम. अशा वाटेवर प्रत्येक टोळीचं घरी एक माणूस असावं लागतं. आज आम्ही कुठे असायला हवं, किती वाजता पोचायला हवं आणि नाही पोचलो तर काय करायचं हे त्याच्याजवळ कागदावर असतं. तुम्ही इतकी वर्षं कराड स्टँडवर कंट्रोलर होतात. पाटणची गाडी उशिरा आली म्हणून तुम्ही कधी आरडाओरडा केला नाहीत. किती उशीर चालतो आणि कितीच्या पुढे मागच्या स्टँडला फोन लावायचा हे तुम्हाला पक्कं ठाऊक असायचं. आम्हाला नेमकं तेच हवंय. मोबाईलला रेंज गुंजवण्याला आणि वेल्ह्याला मिळेल, मोहरीला आणि नाळेत धरू नका. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या रात्री फोन येणार नाही, आणि त्यात काळजीचं काही नाही हे आईला तुम्हीच सांगायचं. पाचव्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडहून माझा फोन यायला हवा. आठपर्यंत वाट बघा. आठनंतर कागदावरच्या पहिल्या नंबरला लावा, तो दापोलीत आम्ही ज्यांच्याकडे उतरतोय त्यांचा. मग मोहरीच्या वाटाड्याचा. दोघांकडून आम्ही पुढे गेल्याचं कळलं नाही, तर ११२. त्याखाली महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर दिलाय. डोंगरात अडकलेल्यांना शोधायला जाणारी ठिकठिकाणची माणसं ते एकत्र आणतात. चौघांची नावं, रक्तगट, कपड्यांचे रंग आणि रोजची वाट त्याच कागदाच्या मागे आहे. एक प्रत टेलिफोनच्या वर चिकटवा, एक खिशात ठेवा.

रायगड उतरल्यावर मी थेट पुण्याला येत नाही. पाचाडहून महाड, तिथून सातारा आणि पुढे कराड. दोन दिवस तुमच्याकडे राहीन. महाडहून सकाळची साताऱ्याची गाडी किती वाजता सुटते ते जुन्या सहकाऱ्यांना विचारून कळवा, आणि दशम्यांसोबत दादाकडे चिठ्ठी द्या.

तुमची लेक