आधी वेशी बघा, मग वाडा : आमच्या अण्णांना जाहीर आभारपत्र

आदरणीय अण्णांस,

सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, नाहीतर "चहा घ्या आधी" म्हणून आत निघून जाता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहून टाकते आहे. आता विषय बदलून दाखवा.

दिवाळीच्या सुट्टीत गाडी काढून बिदर, रायचूर, विजापूर असं फिरून यायचं आम्ही ठरवलं, तेव्हा आमचा बेत अगदी सरधोपट होता. आधी विजापूर, कारण ते जवळ. मग जमेल तसं पुढे. तुम्ही तो कागद बघितलात, चष्मा कपाळावर चढवलात आणि म्हणालात, "असं तर ट्रकबी जातंय की. तुम्ही बघायला चाललाय ना? मग आधी वेशी बघा, वाडा शेवटी." आणि एसटीच्या जुन्या डायरीच्या पानावर पेनानं सगळा फेरा काढून दिलात. नळदुर्ग, बसवकल्याण, बिदर, कलबुर्गी, रायचूर, मुदगल, विजापूर. शेवटी भीमेचा पूल ओलांडून घरी. इतकी वर्षं एसटीच्या स्टेअरिंगवर काढलेल्या माणसाला अंतरं पाठ असणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. तुम्हाला राज्यांच्या हद्दीही पाठ आहेत, हे मात्र तेव्हाच कळलं.

नळदुर्गला पाणी असतानाच जा, हे तुम्ही दोनदा बजावलं होतं. बोरी नदी अडवून बांधलेला तो बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणी महाल १६१३ सालचा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. यंदा परतीचा पाऊस लांबल्यामुळे सांडवा अजून वाहत होता. आम्ही आत उतरलो तेव्हा खिडकीबाहेर पाण्याचा पडदा आणि आतला दगड जवळजवळ कोरडा. आमच्या चिरंजीवांनी खिडकीतून हात बाहेर काढून भिजवून घेतला आणि पुन्हा आत घेऊन भिंतीला लावून बघितला. सासूबाई पायऱ्यांपाशीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, लढाईच्या किल्ल्यात असली हौस करायला सवड कुणाला मिळाली? प्रश्न रास्त आहे. मला वाटतं, हद्दीवरच्या किल्ल्यात वर्षानुवर्षं नुसतं वाट बघत बसावं लागतं, तिथेच अशी हौस सुचत असावी.

बसवकल्याणला तुम्ही जो वेळ राखून ठेवायला सांगितला होता तो सासूबाईंसाठी, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. चालुक्यांची राजधानी, विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ लिहिला ते गाव, हे सगळं आम्ही वाचून गेलो होतो. पण सासूबाईंच्या लेखी ते गाव एकाच कारणानं मोठं. आपले सिद्धरामेश्वर सोलापुरात तळं खोदवून, देवळं बांधून मग कल्याणला बसवण्णांच्या अनुभवमंटपात, म्हणजे शरणांच्या चर्चासभेत गेले, अल्लमप्रभूंच्या पंक्तीला बसले. त्यांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांना हात लावायला दरवर्षी धडपडणारी ही बाई तिथे चप्पल काढून बराच वेळ उभी राहिली. कन्नड त्यांची माहेरची भाषा, पण सोलापुरात ती फक्त बहिणीशी फोनवर बोलताना बाहेर पडते. तिथे मात्र चिंचा विकणाऱ्या बाईपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांशी त्यांच्या गप्पा रंगल्या. आम्हालाच मध्येमध्ये "काय म्हणतायत?" विचारावं लागलं.

आता हुमनाबाद. गावाच्या अलीकडे बॉनेटखालून वाफ यायला लागली. दिवस मावळलेला, आणि रेडिएटरचा होज फाटलेला. प्रवासाआधी सर्व्हिसिंग करून देणाऱ्यांनी "सगळं ओके" असा शिक्का मारून दिला होता, त्यांच्याबद्दल इथे न लिहिलेलंच बरं. तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच विचारलंत, "टोलनाक्याच्या अलीकडं का पलीकडं?" अर्ध्या तासात तुमचे जुने दोस्त मोटारसायकलवरून आले, पिशवीत दोन मापांचे होज घेऊन. इंजिन थंड होईपर्यंत त्यांनी कुणाला झाकणाला हात लावू दिला नाही. मग टॉर्च माझ्या हातात दिला, ब्लेडनं नवा होज बोटाच्या पेराएवढा कापला, क्लिपा आवळल्या, गाडी चालू ठेवून सावकाश पाणी भरलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत टाकीवर वाकून बघत राहिले. पैसे? छे. "रात्रीच्या गाडीला अण्णा इथं चहाला थांबायचे. त्यांचे तीन चहा माझ्याकडं बाकी आहेत," म्हणाले. खरं की खोटं ते तुम्ही दोघं बघून घ्या.

बिदरला किल्ला पायाखाली घालताना तुमच्या सूचनेप्रमाणे बिदरीच्या कारागिरांकडेही गेलो. जस्त आणि थोडं तांबं यांच्या ओतीव भांड्यावर कोरून चांदीची तार ठोकून बसवतात. मग किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात उकळून त्यात भांडं बुडवतात. धातू काळाकुट्ट होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. कारागिरानं मातीची चिमूट जिभेवर ठेवून बघितली. चवीवरून कळतं म्हणे, चालेल की नाही ते. महमूद गवानाचा मदरसा (१४७२) त्याच गावात. इराणातल्या गिलानहून आलेला हा वजीर, बहमनी राज्य त्यानं वाढवलं, आणि १४८१ साली एका बनावट पत्रावरून त्याचीच मान उडवली. त्यानंतर राज्याचे आदिलशाही, निजामशाही असे तुकडे व्हायला वेळ लागला नाही. तुम्ही सांगितलेल्या वेशी त्या तुकड्यांच्याच.

कलबुर्गीत सूफी संत बंदेनवाजांचा दर्गा आणि अंगण नसलेली, सगळी छताखाली घेतलेली १३६७ सालची जामा मशीद बघून पुढे निघालो. उन्हानं जीव काढला होता, जास्त लिहीत नाही.

रायचूरला तो एकेचाळीस फुटी दगड तुमच्यासाठी शोधला. १२९४ सालचा तेलुगू लेख आहे त्यावर, आणि शेजारच्या भिंतीवर रेड्यांच्या गाड्यावरून तो दगड ओढून आणतानाचं चित्रही कोरलेलं आहे. व्हिडिओ कॉलवर तुम्ही सांगत होता, "जरा जवळ घ्या, आणखी जवळ," आणि मागून काकू म्हणत होत्या, यांना आता जेवायला उठवायचं कसं. कृष्णा-तुंगभद्रेच्या मधल्या या पट्ट्यासाठी विजयनगर आणि विजापूर किती वेळा भिडले! १५२० साली कृष्णदेवरायानं रायचूर घेतलं. मुदगलची दुहेरी तटबंदी आणि खंदक बघितल्यावर पटतं की इथे कुणालाच निवांत झोप नसणार.

आणि मग विजापूर. तुम्ही ते शेवटी का ठेवलंत ते मुलुख मैदान तोफेसमोर उभं राहिल्यावर डोक्यात शिरलं. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, निजामशाहीची. पुढे परांड्याच्या किल्ल्यात आणि तिथून १६३२ साली विजापुरात. वजन पंचावन्न टनांच्या घरात. रायचूर-मुदगल ही दक्षिणेची वेस, नळदुर्ग-सोलापूर-परांडा ही उत्तरेची, आणि मधोमध हा वाडा. आधी गोल घुमट बघून आलो असतो तर बाकी सगळे किल्ले "आणखी एक किल्ला" झाले असते.

परतीच्या वाटेवर भीमेच्या पुलावर गाडी जरा हळू घेतली. विजापूरहून दोन-अडीच तासांत माणूस सोलापुरात. म्हणजे निजामशहाच्या फौजा सोलापूरच्या भुईकोटात बसल्या की आदिलशहाच्या उशाशीच बसल्या. १५२४ च्या सुमारास इस्माईल आदिलशहानं बहिणीच्या लग्नात बुऱ्हाण निजामशहाला सोलापूर द्यायचं कबूल केलं आणि दिलंच नाही. त्यावरून पिढीभर लढाया. मग निजामशहाच्या मुलीच्या, चांदबिबीच्या लग्नात हेच सोलापूर हुंडा म्हणून उलट्या बाजूनं विजापूरला गेलं. सिद्धेश्वर तळ्याकाठून मी रोज शाळेला जाते, किल्ल्याची भिंत डाव्या हाताला असते. तिथे लहानपणापासून बाग आणि भेळ एवढंच बघितलं. हे गाव दोन राज्यांच्या सोयरिकीत हुंड्याच्या यादीत होतं, हे तुमच्या त्या डायरीच्या पानामुळे कळलं. यासाठी खरे आभार.

पान तुम्हाला परत देणार नाही, चिरंजीवांनी ते लॅमिनेट करून कपाटाला चिकटवलं आहे. हुमनाबादच्या दोस्तांसाठी शेंगा चटणी आणि एक चादर घेऊन ठेवली आहे, ती पोचवायची कशी ते सांगा. आणि परांडा राहिला आहे. डिसेंबरात जायचं म्हणतो. गुडघ्याचं कारण चालणार नाही. पुढची सीट मागे सरकवून ठेवते, आणि काकूंना विचारून झालं आहे, त्या हो म्हणाल्यात.

तुमची,
वरच्या मजल्यावरची शाळेतली बाई
सोलापूर