वाहनतळ शुल्क : दुपारी तीनची मोजणी कशी करणार?

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

शहरातल्या कोंडीवर चर्चा निघाली की कामाच्या ठिकाणच्या वाहनतळावर शुल्क बसवण्याची सूचना हमखास येते आणि सोबत इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा दाखला. दाखला खरा आहे, पण आपल्याकडे तो अर्धाच सांगितला जातो. तिथे एप्रिल 2012 पासून हे शुल्क आहे. पहिल्या वर्षी एका जागेला 288 पौंड होते, आता आकडा 500 च्या वर गेला आहे. मात्र पावती मालकाच्या नावे फाटते, कामगाराच्या नाही. दहा किंवा त्याहून कमी जागा असणाऱ्याला पूर्ण सूट आहे. जमलेला पैसा फक्त वाहतुकीवर खर्च करता येतो, त्यातूनच ट्रामच्या दुसऱ्या टप्प्याला हातभार लागला. एक फट मात्र राहिली. मालकाने ही रक्कम कर्मचाऱ्यांकडून वसूल केली, तर कायदा आड येत नाही आणि काही मालक तसे करतातही.

स्कॉटलंडमध्ये ही तरतूद मूळ वाहतूक विधेयकात नव्हती. 2019 मध्ये विधेयक समितीपुढे असताना ती दुरुस्ती म्हणून आली, त्यामुळे समितीला साक्षी-पुराव्यांसाठी वेगळ्या बैठका घ्याव्या लागल्या. पुढे 2022 मध्ये नियम आले. सरकारी आरोग्यसेवेच्या वास्तू आणि अपंगांच्या गाड्या कायद्यानेच वगळल्या गेल्या, शुल्काला कमाल मर्यादा मात्र घातली गेली नाही. आपल्या आमदारांनी अभ्यास करायचा तर या कमाल मर्यादेपासून सुरुवात करावी.

आता आपल्याकडचे बघू. सांगलीला लागू असलेल्या महापालिका अधिनियमाच्या कलम 127 मधल्या करांच्या यादीत असा कर नावानिशी नाही. सातारा नगरपालिकेला 1965 चा अधिनियम लागू आहे, म्हणजे सांगली आणि सातारा यांच्यासाठी दोन वेगवेगळे कायदे बघावे लागतील. राज्यघटनेच्या अनुच्छेद 265 नुसार कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येत नाही, त्यामुळे महासभेच्या नुसत्या ठरावावर हे भागणार नाही. स्थानिक संस्थेने स्थानिक कामासाठी बसवायचा कर असेल, तर तेवढ्यावरून विधेयक धनविधेयक, म्हणजे ज्यावर शेवटचा शब्द विधानसभेचा असतो असे विधेयक, ठरत नाही (अनुच्छेद 199). म्हणून विधान परिषदेला चौदा दिवसांत ते परत पाठवण्याची घाई नसते. सांगली-सातारा स्थानिक संस्थांची आणि पुणे विभागाच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांच्या जागा तिथेच आहेत. तिथल्या प्रतिनिधींनी प्रश्न विचारायचे आहेत.

पहिला प्रश्न मोजणीचा. कारची जागा 5 मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. दुचाकीला 2 मीटर बाय 1 मीटर पुरते. एका कारच्या जागेत सहा दुचाकी बसतात. उदाहरणादाखल जागेमागे वर्षाला 6,000 रुपये धरा. क्षेत्रफळावर आकारले, तर दुचाकीला साधारण हजार येतील. ‘प्रति वाहन’ असे दोन शब्द मसुद्यात पडले, तर कुपवाड एमआयडीसीत दुचाकीवर येणारा कामगार आणि कारने येणारा व्यवस्थापक दोघांनाही सहा हजार. व्यवसाय कराची वर्षाची घटनात्मक कमाल मर्यादाच 2,500 रुपये आहे, हे इथे आठवावे.

त्याहून अवघड आहे वेळ. नॉटिंगहॅममध्ये परवाना एका वेळी जास्तीत जास्त किती गाड्या लागतात त्यावर असतो. कार्यालयाला ही रीत ठीक. पाळीच्या कारखान्यात ती फसते. 7 ते 3, 3 ते 11 अशा पाळ्या असल्या, की दुपारी पावणेतीन ते सव्वातीन दोन्ही पाळ्यांच्या गाड्या आवारात असतात. पाळीला 200 दुचाकी असतील, तर सकाळी दहाला मोजणी 200 भरते आणि तीनच्या ठोक्याला 400. अर्ध्या तासाच्या गर्दीसाठी वर्षभर दुप्पट आकारणी होऊ नये, म्हणून पाळी बदलण्याच्या वेळेचा अर्धा-पाऊण तास मोजणीतून वगळल्याचे नियमात लिहून घ्यावे लागेल.

‘मग एसटीने या’ हे उत्तर ठरलेले. एसटीचा मासिक पास 20 दिवसांचे भाडे घेऊन 30 दिवस चालतो. रोज ठरल्या वेळी जाणाऱ्याला तो स्वस्तच आहे. पण दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचा हिशेब वेगळा. रात्री 11 ला सुटल्यावर गावाची गाडी नसेल, तर त्या आठवड्यात जातानाही दुचाकीच न्यावी लागते. रात्रपाळीलाही तीच अडचण असेल, तर महिन्याच्या 26 कामाच्या दिवसांपैकी पास उपयोगी पडतो आठ-नऊ दिवस आणि पैसे भरलेले असतात वीस दिवसांचे. तासगाव, रहिमतपूर किंवा कोरेगावच्या बाजूने येणाऱ्याने अशा वेळी बस निवडली नाही, तर ती त्याची हौस म्हणता येणार नाही. शुल्काआधी पाळीच्या वेळेला जोडून गाडी, हा क्रम कायद्यातच हवा.

गंमत अशी, की राज्याची 2020 ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली इमारतीला वाहनतळ सोडायला लावते (एमआयडीसीची नियमावली स्वतंत्र आहे) आणि नवे शुल्क त्याच जागेवर बसेल. जागा असली की भुर्दंड, म्हटल्यावर काही आस्थापना तिथे पत्रे ठोकून गोदाम करतील आणि गाड्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला येतील. सक्तीने सोडलेल्या किमान जागा वगळून फक्त जादा जागांवर आकारणी केली, तर हे टळेल.

पगारातून कपात हा शेवटचा मुद्दा. वेतन संहितेच्या कलम 18 मध्ये कोणकोणत्या कपाती चालतात याची यादी आहे. मालकाने पुरवलेल्या सुविधांसाठीची कपात तिच्यात येते, पण शासनाच्या आदेशाने परवानगी मिळाली तरच. असा आदेश या शुल्कासाठी निघणार नाही, असे एक वाक्य विधेयकात घातले तर नॉटिंगहॅमची फट इथे बुजेल.

असे विधेयक आलेच, तर ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे जावे आणि समितीने सांगली-मिरजेत व साताऱ्यात सुनावणी घ्यावी. फक्त ती सकाळी अकराला ठेवू नये. तेव्हा पहिली पाळी यंत्रावर उभी असते.

कळावे,
आपले नियमित वाचक,
विश्रामबाग, सांगली