काय कमी होतं ते सांगते

संपादकसाहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्याकडे एका काकांचं पत्र आलं होतं, बागेत बसणाऱ्या अकरावी-बारावीच्या पोरापोरींवर, "यांना घरी काय कमी आहे म्हणून ही थेरं?" असं. वाचता वाचता माझा चहा गार झाला. काय कमी असतं ते मी सांगते, मी पण सोळा-सतराची होते, इथेच इंदुरात, परदेशीपुऱ्यात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबांची मिल बंद पडून वर्ष होत आलेलं, पगार नाही, ग्रॅच्युइटी नाही, पण बाबा भोंग्याच्या वेळेला उठायचेच, रिकामी पिशवी सायकलला अडकवून गेटवर जाऊन बसायचे आणि दुपारी परत. आई फॉल-पिको करायची. मागच्या लाइनीत तो राहायचा. त्याचे वडील पण मिलमधलेच, पण त्यांनी गेटऐवजी कलाली, म्हणजे दारूचं दुकान धरलं, मग ह्याची शाळा सुटली आणि हा सेव तळायच्या भट्टीवर लागला. मनगटावर तेलाचे डाग, कायमचे.

नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणजे आमचं प्रेम पण एक दिवसाआड. पहाटे माझ्या हंड्यामागे तो त्याची बादली लावायचा. बोलायचो काय, तर काल त्याच्या बापाने काय फोडलं, माझ्या आईने कोणाकडून उसने आणले. एवढंच. हात कधी धरला नाही, खरं सांगते, धरला असता तर बरं झालं असतं असं आता वाटतं.

बारावीचा फॉर्म भरायचा होता आणि बाबा म्हणाले पुढच्या वर्षी बघू. मी नळावर एक अक्षर बोलले नाही, तरी त्याला कळलं कसं देव जाणे. अनंत चतुर्दशीला आम्ही झांकी बघायला गेलो, म्हणजे मिलवाले मिरवणुकीत काढतात तो सजवलेला देखावा. मिल बंद तरी कामगारांनी चंदा करून झांकी काढलीच, इंदूरवाले ह्या बाबतीत हट्टी. हा झांकीपुढे लांब बांबू घेऊन विजेच्या तारा वर उचलत चाललेला. जेल रोडच्या गर्दीत माझ्याजवळ आला, कागदाची एक पुडी हातात कोंबली आणि बांबू उचलून पुढे. मला वाटलं सेव आहे. घरी उघडली तर एकशेवीस रुपये, नोटांना पण तेलाचा वास.

बाबांनी विचारलं कुठून आणले, मी खोटं बोलले नाही. त्यांनी मारलं नाही, ओरडले पण नाहीत, नुसती सायकल काढून गेटवर गेले आणि त्या दिवशी रात्रीच परत आले. फॉर्म भरला गेला. फॉल लावून लावून मी त्याचे ऐंशी रुपये फेडले, तो घेत नव्हता तर बादलीत टाकले. चाळीस राहिले. थंडीत त्याची आई सगळी भावंडं घेऊन खानदेशात माहेरी गेली, मला कळलं ते दोन पाण्याचे दिवस तो दिसला नाही तेव्हा.

आता मी ट्यूशन घेते. एक मुलगी हल्ली सारखी मोबाइलवर असते, आई म्हणते कोणीतरी मुलगा आहे, तुम्ही समजवा. मी आधी मुलीलाच विचारलं घरी काय चाललंय, तर कळलं वडील तीन महिने घरी बसलेत. मोबाइलचं मग मी काही बोललेच नाही. त्या काकांनी पण कधी विचारून बघावं, बागेत टॉर्च मारत फिरण्यापेक्षा.

डिसेंबर 2023 मध्ये हुकुमचंद मिलच्या कामगारांचे अडकलेले 224 कोटी सुटले, 32 वर्षांनी, तेव्हा म्हाताऱ्या कामगारांचे फोटो आले होते. आमची मिल दुसरी, त्याचे वडील त्यात असायचं काही कारणच नाही, तरी मी चष्मा पुसून पुसून एकेक चेहरा बघितला. ह्यांनी विचारलं काय शोधतेस, काही नाही म्हटलं.

पत्राखाली नाव छापू नका, हे रोज तुमचाच पेपर वाचतात.

एक वाचक, इंदूर