थंडी सरायच्या आत विज्ञानाच्या प्रयोगांना हातभार लावा

सर्व पालक, ग्रामस्थ आणि माजी विद्यार्थी यांना शाळा व्यवस्थापन समितीचा नमस्कार.

स्थितिक विद्युतचे, म्हणजे वस्तू घासून तयार होणाऱ्या विजेचे, प्रयोग पावसाळ्यात साधत नाहीत. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार (विजेचा चार्ज) त्यावाटे निघून जातो. पोरं फुगा घासून दमतात, पण कागदाचा कपटा जागचा हलत नाही. आपल्याकडे कोरडी हवा मिळते ती थंडीत, म्हणून ही घाई.

शाळेच्या कपाटात एक विमशर्स्ट यंत्र आहे, हाताने फिरवून अशी वीज तयार करणारं. हँडल फिरवलं की दोन तबकड्या एकमेकींच्या उलट फिरतात आणि पितळी गोळ्यांमध्ये ठिणगी पडते. दोन्ही बाजूंना प्रभार साठवणाऱ्या लायडन बरण्या असतात: आतून-बाहेरून धातूचा पातळ पत्रा, मधे काच. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १७४६ च्या सुमारास म्युशेनब्रुक या शास्त्रज्ञांना पाण्याच्या बाटलीतून जबर झटका बसला, तेव्हापासूनचं हे नाव. पंखा दुरुस्त करणारे ज्याला कंडेन्सर म्हणतात, त्या कपॅसिटरचाच हा पूर्वज. बरण्या सोडवल्या तर ठिणग्या बारीक आणि भराभर पडतात. जोडल्या की थांबून थांबून पडतात, पण एकेक जाड, टाळी वाजल्यासारखी. प्रभार साठतो म्हणजे काय, हे मग मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

आज यंत्राचे पट्टे तुटलेत, एक बरणी फुटली आहे. मुलं हे सगळं फक्त चित्रात बघतात, याची आम्हाला फार खंत वाटते.

दुरुस्तीसाठी जमेल ती रक्कम द्या. शिवाय प्रत्येक गटाला हाताने प्रयोग करता यावा म्हणून अर्धा इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, जुन्या घोंगडीचे तुकडे, रिकाम्या प्लास्टिकच्या बरण्या आणि ॲल्युमिनियम फॉइल हवं आहे. दुकानातून आणणार असाल तर ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे कपॅसिटर, १ किलोओहमचे रेझिस्टर, एलईडी आणि ९ व्होल्टच्या बॅटऱ्या आणा. कपॅसिटरमध्ये साठलेल्या प्रभारामुळे बॅटरी काढून घेतल्यावरही एलईडी जळत राहतो आणि हळूहळू मंद होतो. तो क्षण प्रत्येक मुलाने स्वतः बघावा, एवढीच आमची इच्छा आहे.

मायक्रोवेव्ह, जुना टीव्ही किंवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशमधले कपॅसिटर मात्र कृपया आणू नका, घरीही उघडू नका. बंद उपकरणातही त्यात जीवघेणा प्रभार उरलेला असू शकतो.

वस्तू आणि रक्कम शाळेच्या कार्यालयात द्यावी, पावती मिळेल. गावात कुणी लेथवर काम करत असेल, तर पट्ट्यांच्या चाकांसाठी एकदा येऊन बघून जावं.