पुस्तक निवडून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. कोकणात गावोगाव वाचनालयं आहेत आणि त्यांतल्या कितीतरी ठिकाणी तुमच्यासारखंच कोणीतरी तुटपुंज्या मानधनावर कपाटं सांभाळत बसलेलं आहे. दहाजणांनी एकत्र वाचायला पुस्तक निवडून देणं हे केवढं काम असतं, ते त्या त्या गावांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

यंदाच्या पावसाळ्यात सगळ्यांनी मिळून एकच पुस्तक वाचायचं, असं आपल्या वाचक गटाने ठरवलं. उन्हाळ्यात आंब्याच्या पेट्यांपुढे मान वर करायला सवड नसते. जून-जुलैत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, लावणी उरकली की शेतावरची माणसंही थोडी मोकळी होतात. वाचायचं तर तेव्हाच. पण वाचायचं काय? प्रत्येकाचं आवडतं पुस्तक वेगळं आणि प्रत्येकाचा आग्रहही तेवढाच. पोस्टातून सुटून मी तुमच्याकडे आले आणि म्हटलं, "बाई, विचार करायला लावेल असं एखादं द्या."

तुम्ही तेव्हा विचारलंत, "गटात कोण कोण आहे?"

पुस्तकाआधी माणसं विचारणारं मला तोवर कोणी भेटलं नव्हतं. मी सांगत गेले. निवृत्त मुख्याध्यापक, आंब्याचे बागायतदार, आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताई, रिक्षा चालवणारा दादा, खारवीवाड्यातल्या दोघी, मोहल्ल्यातली कॉलेजात जाणारी मुलगी, बौद्धवाडीतल्या अंगणवाडीताई, आणि चष्मा लावूनही बारीक अक्षर न दिसणाऱ्या आमच्या आजी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि रविवारी सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलंत.

त्या रविवारी टेबलावर तीन पुस्तकं होती, तिन्ही आपल्याच मातीतली. श्री. ना. पेंडसे यांचं १९५२ सालचं 'गारंबीचा बापू', चिं. त्र्यं. खानोलकरांचं 'कोंडुरा' आणि ऊर्मिला पवारांचं २००३ साली आलेलं आत्मकथन 'आयदान'. प्रत्येकाची सुरुवातीची काही पानं मोठ्याने वाचायची आणि वाचून झाल्यावर 'आवडलं' किंवा 'नाही आवडलं' असं कोणी म्हणायचं नाही, मनात काय प्रश्न आला तेवढाच सांगायचा, हा तुमचा नियम. हा नियम मी आता जिथे जाईन तिथे सांगते. आवडण्यापाशी बोलणं संपतं. 'छान आहे' म्हटलं की दुसऱ्याला पुढे बोलायला काही राहतच नाही.

बापूवर बहुतेकांचं मत तयार होतं. कोणी नाटक पाहिलेलं, कोणी सिनेमा. दापोलीकडची ती माणसं सगळ्यांच्या ओळखीची, त्यामुळे वाचणं कमी आणि आठवणी जास्त झाल्या. 'कोंडुरा'ची पानं वाचली तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. मला वाटलं, हेच ठरणार. तुम्ही म्हणालात, "हे वाचून माणूस आत वळतो. पहिल्यांदा एकत्र वाचणाऱ्यांनी बोलतं करणारं पुस्तक घ्यावं. याची पाळी पुढे येईल." चांगलं पुस्तक आणि गटाला चांगलं पुस्तक यांत फरक आहे, हे इतक्या साध्या शब्दांत मला कोणी सांगितलं नव्हतं.

मग 'आयदान'. सुरुवातीलाच खेड्यांतल्या बाया डोक्यावर जड भारे घेऊन पायी रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या आहेत. लाकडं, गवत, आंबे, जे विकता येईल ते. नर्सताई वाचत होत्या. त्या थांबल्या आणि आजी म्हणाल्या, "माझी आत्या जायची अशी. पाय सोलून निघायचे." लगेच पलीकडून बागायतदारकाका म्हणाले, आमच्या लहानपणी एवढे हाल कोणाचे पाहिल्याचं आठवत नाही. एकच पान, एकच तालुका, वयात फार अंतर नाही. तुम्ही कोणालाच खोडून काढलं नाहीत. पुस्तक हातात घेतलंत आणि म्हणालात, "हे घ्या."

यानंतर तुम्ही जे केलंत ते गटातल्या बऱ्याच जणांना माहीत नाही, आणि माझ्या मते खरे आभार त्याचेच आहेत. अंगणवाडीताईंची परवानगी घेऊन ते इथे लिहिते. गट हे पुस्तक वाचायला लागण्याआधी तुम्ही त्यांच्या घरी गेलात. पुस्तक बौद्ध समाजातल्या बाईच्या आयुष्याचं आहे, त्यात जातीने दिलेले चटके आहेत. वाचताना सगळ्या माना आपसूक ताईंकडे वळतील, 'तुमच्याकडे असंच होतं का हो?' असं विचारलं जाईल, हे तुम्हाला आधीच दिसलं होतं. तुम्ही त्यांना म्हणालात, "पुस्तकाची साक्ष तुम्ही द्यायला हवी असं अजिबात नाही. बोलावंसं वाटलं तर बोला, नाहीतर इतरांसारख्या नुसत्या वाचक म्हणून बसा. आणि हे पुस्तक नको वाटलं तर मला आत्ताच सांगा, मी दुसरं काढते." ताईंनी नको म्हटलं नाही. त्या मला नंतर म्हणाल्या, "मला कोणीतरी आधी विचारलं, हेच मला पुष्कळ झालं."

विचार करायला लावणारं पुस्तक निवडायचं म्हणजे कोणाला तरी टोचणार, हे आपण धरूनच चालतो. पण ते कोणाला टोचेल आणि ती टोच सोसायची पाळी दर वेळी त्याच माणसावर येते का, हे निवडणाऱ्याने बघायला हवं. तुम्ही ते बघितलंत.

प्रतींचं काम तुम्ही कसं जमवलंत ते थोडक्यात सांगते. वाचनालयात प्रत एकच. काही वर्गणीतून विकत घेतल्या, काही तुम्ही स्वतःच्या जबाबदारीवर दुसऱ्या वाचनालयांतून आणल्यात. पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी धरते म्हणून कपाटात दिवा लावून ठेवणाऱ्या तुम्ही, त्या प्रती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भर पावसात एसटीने घेऊन आलात. आजींना नर्सताई दुपारी वाचून दाखवत.

आणि चर्चा! आम्हाला वाटलं होतं, बोलणं जातीपाशीच घोटाळेल. ते झालंच, व्हायलाच हवं होतं. लेखिकेचे वडील शिक्षक, मुलांनी शिकावं हा त्यांचा ध्यास. ते गेल्यावर बांबूची आयदानं, म्हणजे सुपं-टोपल्या, विणून मुलं वाढवणारी आई. त्या आईपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पण खरं वादळ उठलं ते लग्नानंतरच्या भागावर. मुंबईत नोकरी, घर, मुलं सांभाळून लेखिका एम.ए. करते, लिहिते, चळवळीत जाते आणि घरातच त्याची अडचण होते. खारवीवाड्यातल्या दोघी, ज्या तोवर नुसत्या ऐकायला येत होत्या, त्या बोलायला लागल्या. रिक्षावाल्या दादाने विचारलं, समाजासाठी लढणाऱ्या माणसाला घरातलं का दिसू नये? मुख्याध्यापक सर म्हणाले, घरातल्या गोष्टी अशा छापायच्या का? मोहल्ल्यातली मुलगी सरांना म्हणाली, "सर, छापल्या नसत्या तर आज आपण बोललो असतो का?" सरांनी मान हलवली, पण पटलं असं म्हटलं नाही. त्यांचं न पटणंही मला आवडलं, कारण पुढच्या रविवारी ते तोच मुद्दा अधिक नीट मांडायला परत आले.

अंगणवाडीताई दोन बैठका गप्प होत्या. तिसऱ्या बैठकीत त्या बोलल्या, ते स्वतःबद्दल नव्हतं. आईच्या विणण्याचं आणि मुलीच्या लिहिण्याचं नातं लेखिकेने कसं जोडलं आहे, त्यावर त्या इतकं बारकाईने बोलल्या की सर वहीत लिहून घेत होते.

रिक्षावाला दादा मुंबईला जाता-येता महाडवरून कितीदा गेला असेल. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ज्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले ते रस्त्यापासून एवढ्या जवळ आहे, हे त्याला माहीत होतं, पण तो कधी थांबला नव्हता. या खेपेला मुलाला घेऊन थांबला. त्याने ते गटात सांगितलं तेव्हा तुम्ही खाली देवघेवीला बसला होतात, म्हणून इथे कळवते.

बाई, पुस्तकं देणारी माणसं मला भेटली आहेत. माणसं पाहून, त्यांच्यात काय बोललं जाईल आणि ते बोलणं कोणाला जड जाईल याचा विचार करून पुस्तक देणाऱ्या तुम्हीच. आमच्या खोलीत या पावसाळ्यात जे बोललं गेलं ते यापूर्वी आमच्या गावात वेगवेगळ्या वाड्यांतल्या माणसांनी एकमेकांसमोर बसून बोललेलं मी ऐकलं नाही. त्याबद्दल तुमचे मनःपूर्वक आभार.

बाहेरून आणलेल्या प्रती परत करायच्या आहेत. त्या पोचवायचं काम या वेळी दादा आणि मी करणार आहोत, तुम्ही एसटीचे धक्के खायचे नाहीत. भातकापणी उरकली की पुन्हा बसायचं ठरलं आहे. 'कोंडुरा'ची पाळी आली असं आता सगळ्यांनाच वाटतं. आजींसाठी मोठ्या टाइपातली प्रत कुठे मिळते का, तेवढं बघाल?

तुमची,
वाचक गटातली, पोस्टातली